पाककृतीची पारख

शाळेत आपण अनेक प्रकारचे लेखन तपासून घेण्यास शिकतो. गणिताच्या उत्तराचा ताळा पाहतो, इतिहासातील विधानाला आधार मागतो, प्रयोगवहीतले निरीक्षण खरे की खोटे हे पुन्हा प्रयोग करून ठरवतो. परंतु ज्या लेखनावर विसंबून घरातले डाळ-तांदूळ, तेल-तूप, इंधन आणि कोणाची तरी अर्धी सकाळ खर्ची पडते, त्या लेखनाची परीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. हे लेखन म्हणजे पाककृती. ती छापलेली असली, किंवा हल्लीप्रमाणे मोबाइलच्या पडद्यावर हसतमुखाने कोणी सांगितलेली असली, की आपण ती प्रमाण मानतो. आणि पदार्थ फसला की करणाऱ्याच्या हाताला दोष देतो. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष हाताचा नसतो, कागदाचा असतो. तो दोष चूल पेटवण्यापूर्वीच दिसला असता, तर अन्न वाया गेले नसते आणि करणारीचे मनही खट्टू झाले नसते.

म्हणून एखादी पाककृती घरी करून पाहण्याच्या योग्यतेची आहे की नाही, हे वाचूनच कसे ओळखावे, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. हा विषय केवळ विद्यार्थिनींसाठी आहे असा समज कोणी करून घेऊ नये. भूक मुलगे आणि मुली असा भेद करीत नाही. मग स्वयंपाकाचे ज्ञान तरी तो भेद का करील?

पाककृतीची अंगे

कोणत्याही पाककृतीची तीन अंगे असतात. काय आणि किती घ्यावे, हे पहिले. कोणत्या क्रमाने काय करावे, हे दुसरे. आणि झाले हे कशावरून ओळखावे, हे तिसरे. या अंगांना आपण अनुक्रमे माप, क्रम आणि खूण अशी नावे देऊ. पहिली दोन अंगे बहुतेक ठिकाणी कमीअधिक प्रमाणात आढळतात. तिसरे अंग फारच थोड्या ठिकाणी सापडते. आणि चांगल्या पाककृतीची खरी ओळख त्यातच आहे.

पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचा एक स्वतंत्र भाग आहे आणि त्यात मांडे, वडे यांसारख्या पदार्थांचे वर्णन येते. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि ते मराठी घराघरांत पोहोचले. पहिला ग्रंथ राजाच्या पाकशाळेचा. तेथे आचाऱ्यांची वाण नव्हती आणि साहित्याची तर नव्हतीच. ‘रुचिरा’ची वाचक मात्र एकटीने स्वयंपाक करणारी, कदाचित माहेरापासून दूर गेलेली गृहिणी होती. तिला वाटी आणि चमचा याच भाषेत सांगणे आवश्यक होते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पाककृती कोणासाठी लिहिली आहे, हे पाहिल्यावाचून तिची पारख करता येत नाही. जाणत्यासाठी लिहिलेल्या दोन ओळी नवख्याच्या हाती पडल्या, तर त्या चुकीच्या नसूनही त्याच्या उपयोगाच्या नसतात.

पहिली कसोटी : माप

पाककृती हाती घेतल्यावर प्रथम मापे पाहावीत. ‘वाटी’ हे आपल्या घरातले सर्वांत परिचित माप. परंतु घरातल्याच तीन वाट्या घेऊन त्यांत पाणी मोजून पाहा, म्हणजे एकीत १५० मिलिलिटर, तर दुसरीत २०० किंवा त्याहून अधिक पाणी मावते असे आढळेल. तरीसुद्धा वाटीने सांगितलेल्या पाककृती उत्तम साधतात, याचे कारण काय? कारण असे की, सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान असो की मोठी, त्यांचे परस्परांशी प्रमाण कायम राहते. पदार्थ कमी होईल किंवा जास्त होईल, पण बिघडणार नाही. गणितातील गुणोत्तराचा हा स्वयंपाकघरातला उपयोग होय.

हे गुणोत्तर केव्हा मोडते? जेव्हा पाककृतीत दोन जातींची मापे मिसळतात तेव्हा. ‘दोन वाट्या रवा, अर्धा किलो साखर आणि एक नारळ’ असे लिहिले असेल, तर आपली वाटी लेखकाच्या वाटीएवढी असल्यावाचून प्रमाण जमणार नाही; आणि नारळाचे तर बोलावयासच नको. एका नारळाची एक वाटी खोबरे निघते, तर दुसऱ्याची तीन. परदेशी पुस्तकातून घेतलेल्या पाककृतींत ही अडचण अधिक वाढते. अमेरिकन ‘कप’ सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. मोठा चमचा बहुतेक देशांत १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा धरतात. शिवाय एकाच कपात मैदा सुमारे १२० ग्रॅम भरतो, तर साखर सुमारे २०० ग्रॅम. म्हणून ‘एक कप म्हणजे इतके ग्रॅम’ असा एकच सर्वसाधारण नियम कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

आजीच्या वहीत तर याहून निराळेच कोडे असते. तेथे शेर, पावशेर, छटाक, तोळा अशी मापे भेटतात. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण शेर हे वजनही होते आणि धान्य मोजण्याचे मापही होते, शिवाय मुलुखपरत्वे ते बदलत असे. भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. त्यापूर्वीची वही वाचताना ‘शेरभर’ या शब्दापाशी थांबून, हे वजन की माप, असा प्रश्न विचारलाच पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, ‘मग चवीपुरते मीठ असे लिहिणारी पाककृती टाकाऊच म्हणावयाची काय?’ मुळीच नाही. मापाच्या बाबतीत खरा विवेक असा आहे की, जे मागाहून सुधारता येते ते अंदाजाने सांगितले तरी चालते; जे मागाहून सुधारता येत नाही ते मोजूनच सांगितले पाहिजे. आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. चिंच, तिखट, गूळ यांचेही तसेच. पण चकलीच्या भाजणीतले मोहन अधिक झाले, तर ती तळणीत तुटते. कमी झाले तर दातांना दगड लागतो. अनारशाच्या पिठात गुळाचे प्रमाण चुकले की अनारसा तुपात हसतो, म्हणजे पसरून विरतो. आणि त्याच्या हसण्याने घरात मात्र कोणास हसू येत नाही. मोहन, सोडा, पाकातील साखर, पिठातील पाणी हे मागे न फिरणारे जिन्नस होत. त्यांच्यापुढे ‘अंदाजाने’ असा शब्द लिहिणारी पाककृती, तिचे चित्र कितीही मोहक असो, नवख्याने हाती घेऊ नये.

दुसरी कसोटी : क्रम आणि वेळ

माप पुरेसे आढळल्यावर क्रम पाहावा. पाककृती आरंभापासून अखेरपर्यंत एकदा नुसती वाचून काढावी. मधेच ‘रात्री भिजवून ठेवलेली डाळ घ्यावी’ असे वाक्य आले आणि वर साहित्यात भिजवण्याचा उल्लेखच नसला, तर लेखकाने वाचकाच्या घड्याळाचा विचार केला नाही हे उघड आहे. अशा लेखकाने आणखीही काही गाळले असण्याचा संभव असतो.

क्रमामागे पुष्कळदा कारण असते आणि ते आपणांस ठाऊक असल्यास चूक चटकन ध्यानात येते. डाळ किंवा कडधान्य शिजवताना चिंच, कोकम, टोमॅटो यांसारखे आंबट आरंभीच घातले, तर दाणा लवकर मऊ होत नाही. म्हणून आंबट मागाहून. उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याचा संभव. म्हणून खीर खाली उतरवून थोडी निवल्यावर गूळ. हा क्रम उलटा सांगणाऱ्या पाककृतीच्या लेखकाने तो पदार्थ स्वतः केला आहे की नाही, याची शंका घेण्यास जागा आहे.

वेळेच्या बाबतीत तर फारच सावध असावे. ‘कांदा तांबूस होईपर्यंत ५ मिनिटे परतावा’ असे वाक्य अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. दोन-तीन कांदे मध्यम आचेवर नीट तांबूस होण्यास १५ ते २० मिनिटे सहज लागतात. ज्याला पाच मिनिटांचा भरवसा दिला, तो आच वाढवतो आणि कांदा करपवतो. नारळ खवणे, लसूण सोलणे, मासळी साफ करणे ही कामे ‘पूर्वतयारी’ या एका शब्दात गुंडाळून ‘दहा मिनिटांत होणारा पदार्थ’ अशी जाहिरात करणारी पाककृतीही त्याच वर्गातली.

शिवाय वेळ स्थळावर आणि ऋतूवरही अवलंबून असते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उंची वाढली की दर ३०० मीटरमागे हा अंक सुमारे एका अंशाने उतरतो. पणजीत पाणी जवळजवळ १०० अंशांस उकळते, तर सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात ते सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांसच उकळू लागते. म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजण्यास तेथे थोडा अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढून उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे तेथे हा फरक फारसा जाणवत नाही. तीच गोष्ट आंबवण्याची. गोव्यातल्या उकाड्यात इडलीचे पीठ एका रात्रीत फुगून येते. ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या थंडीत त्यालाच दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते. ‘आठ तास’ एवढेच सांगून थांबणारी पाककृती एका गावापुरतीच खरी असते.

तिसरी कसोटी : खूण

मग वेळ जर इतकी अविश्वसनीय, तर पदार्थ झाला हे ओळखावे कसे? खुणेवरून. आपल्या स्वयंपाकाची भाषा अशा खुणांनी अत्यंत समृद्ध आहे. पुरण शिजून आटले की त्यात उलथने उभे राहते. पाक बशीत थेंबभर घेऊन किंचित निवल्यावर दोन बोटांत धरला की एक तार सुटते किंवा दोन. मसाला परतला गेला की कडेने तेल सुटते. रवा भाजला गेला की रंग फारसा न बदलताही खमंग वास घरभर दरवळतो. भाताचे शीत बोटांनी दाबले की मधे कणी लागत नाही. फोडणीची मोहरी तडतडायची थांबली की पुढचा जिन्नस घालावा. यांतील एक खूण डोळ्यांची, एक नाकाची, एक कानांची, एक बोटांची. घड्याळाला हे काहीच कळत नाही.

खुणेचा मोठा गुण हा की ती कोणत्याही चुलीवर खरी असते. लाकडाची चूल, स्टोव्ह, गॅस किंवा विजेची शेगडी, प्रत्येकीवर पुरणाला लागणारी मिनिटे निराळी. पण उलथने सर्वत्र तेव्हाच उभे राहणार. म्हणून ज्या पाककृतीत प्रत्येक महत्त्वाच्या पायरीस एखादी खूण सांगितली आहे, तिच्या लेखकाने तो पदार्थ डोळे उघडे ठेवून केला आहे असे खुशाल समजावे. आणि ज्या पाककृतीत ‘नीट शिजवावे’, ‘योग्य होईपर्यंत परतावे’, ‘छान घट्ट करावे’ एवढेच आहे, तिने आपल्याला काहीच सांगितलेले नाही. ‘नीट’ म्हणजे कसे, हाच तर आपला प्रश्न असतो.

एखाद्याच्या ‘हाताला चव आहे’ असे आपण म्हणतो. या चवीत दैवी असे काही नाही. वर्षानुवर्षे पाहिलेल्या, हुंगलेल्या, ऐकलेल्या शेकडो खुणा त्या हातात साठलेल्या असतात आणि त्या कधी कागदावर उतरलेल्या नसतात, एवढेच.

चौथी कसोटी : आपले घर

येथवर पाककृतीची परीक्षा झाली. आता घराची करावयाची. पाककृती निर्दोष असूनही ती आपल्या घरी करण्याजोगी नसू शकते.

प्रथम साहित्य पाहावे. जे हाताशी नाही त्याच्या जागी दुसरे काही चालेल काय? याला उत्तर असे की, तो जिन्नस पदार्थाचा प्राण आहे की सोबती, हे ठरवावे. आमच्या गोव्यात बांगड्याच्या हुमणात आणि खतखत्यात तिरफळे घालतात. इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या बाजारात ती सहजी मिळणार नाहीत, आणि त्यांच्या वासाची जागा मिरे किंवा लवंग घेऊ शकत नाहीत. तिरफळांवाचूनही भाज्यांची चांगली आमटी होईल. पण तिला खतखते म्हणू नये. उलट, सोलकढीत कोथिंबीर नसली तर काही अडत नाही. प्राण बदलावा लागत असेल तर ती पाककृती सोडावी. सोबती बदलावा लागत असेल तर खुशाल करावी.

नंतर खर्च. येथे एक फसवणूक नेहमी होते. ‘एक चमचा अमुक अर्क’ असे लिहिलेले असते आणि आपण चमचाभराची किंमत धरतो. परंतु दुकानदार चमचाभर देत नाही, बाटली देतो. उरलेली बाटली पुढे कशात वापरणार, याचे उत्तर नसेल तर संपूर्ण बाटलीची किंमत त्या एका पदार्थावर मांडावी. तळणीच्या तेलाचेही तसेच गणित करावे.

तिसरी गोष्ट हातांची आणि वेळेची. आमच्याकडचे बिबिंक घ्या. नारळाचा रस, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा आणि तूप यांचे मिश्रण करून त्याचा एक थर भाजावयाचा, तो भाजला गेल्यावर त्यावर दुसरा ओतावयाचा, आणि अशा रीतीने सात किंवा अधिक थर चढवावयाचे. पूर्वी वरून निखाऱ्यांची आच देऊन हे करीत. त्याला अर्धा दिवस सहज लागतो, आणि प्रत्येक थरापाशी कोणीतरी उभे राहावे लागते. नाताळास चार हात जमले असता ते करणे हा आनंद आहे. परीक्षेच्या आठवड्यात, घरात एकटीच आई असताना त्याचा हट्ट धरणे हा जुलूम आहे. ‘ही पाककृती उत्तम आहे, पण आज आपल्या घरची नव्हे’ असे म्हणता येणे हीदेखील एक पारख आहे.

पाचवी कसोटी : अपाय

चव बिघडली तर एक जेवण बिघडते. परंतु काही चुकांनी प्रकृती बिघडते. म्हणून या कसोटीत सवलत देता येत नाही. राजम्याच्या कच्च्या दाण्यात अपायकारक द्रव्य असते आणि मंद आचेवर नुसते कोमट शिजवल्याने ते जात नाही. राजमा निदान पाच तास भिजवून, ते पाणी ओतून टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळवावा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावा. कुकरमध्ये पुरता शिजवला तरी चालते. ‘राजमा अर्धवट मऊ ठेवावा’ असे सांगणारी पाककृती तत्काळ बाजूस सारावी. दुधी, काकडी यांचा कडूपणाही असाच. किसण्यापूर्वी तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास साखरेने किंवा गुळाने तो झाकू नये, फळच टाकून द्यावे. कडू दुधीच्या रसाने माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत. तसेच लोणच्यातले मीठ हे केवळ चवीसाठी नसते, ते लोणचे टिकवते. ‘कमी मिठाचे, वर्षभर टिकणारे लोणचे’ असे कोणी सांगू लागल्यास, ते टिकते कशाने, असा प्रश्न त्यास अवश्य विचारावा.

एका पाककृतीची प्रत्यक्ष तपासणी

आता या कसोट्या एका उदाहरणाला लावून पाहू. तवसळी हा गोव्यातला पावसाळ्यातला गोड पदार्थ. तवशे म्हणजे पावसाळ्यात मांडवावर लागणारी मोठी काकडी. कोकणात याच जातीच्या पदार्थास धोंडस म्हणतात. घरोघरच्या वह्यांत तवसळी साधारणपणे अशी लिहिलेली असते :

‘एक मोठे तवशे किसावे. त्यात तांदळाचा रवा, गूळ व खोबरे घालावे. वेलची घालून वाफवावे. छान होते.’

माप पाहा. तवशे मोठे म्हणजे केवढे? रवा किती? येथे रवा हा मागे न फिरणारा जिन्नस आहे. तो कमी पडला तर तवसळी चिकट लगदा होते, जास्त झाला तर कोरडी आणि रवाळ. क्रम पाहा. किसाला सुटणारे पाणी पिळून टाकावे की ठेवावे, हे सांगितलेले नाही. आणि सगळी गंमत तर त्या पाण्यातच आहे. खूण मुळीच नाही. तवशे चाखून पाहावे, हा अपाय टाळणारा शब्दही नाही. म्हणजे पाच कसोट्यांपैकी चारांत ही पाककृती नापास झाली. घराच्या कसोटीत मात्र ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली : साहित्य घरचे, खर्च थोडा, भांडे साधे. तेव्हा ती टाकून द्यावयाची नाही. जाणत्याला विचारून पुरी करावयाची. ती पुरी केल्यावर अशी दिसेल :

‘तवशाचा तुकडा चाखून पाहावा, कडू नसल्यास साल व जून बिया काढून किसावे. किसाला सुटलेले पाणी टाकू नये. पाण्यासकट कीस २ वाट्या, तांदळाचा जाडसर रवा १ वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, ओले खोबरे अर्धी वाटी, मीठ चिमूटभर, वेलचीची पूड ४ दाण्यांची. सर्व एकाच वाटीने मोजावे. रवा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून निववावा. रंग बदलू देऊ नये. किसात गूळ विरघळवून मग रवा, खोबरे, मीठ व वेलची घालावी आणि रवा भिजण्यासाठी २० मिनिटे झाकून ठेवावे. मिश्रण इडलीच्या पिठाहून थोडे घट्ट असावे. फार घट्ट वाटल्यास नारळाचा रस घालावा. तूप लावलेल्या थाळीत ओतून अर्धा तास वाफवावे. सुरी खुपसली असता ती कोरडी निघाली म्हणजे झाले. पूर्ण निवल्यावरच वड्या कापाव्यात. गरम असता कापल्यास मोडतात.’

दोन्ही लेखनांत पदार्थ एकच आहे. पहिले लेखन ज्याला तवसळी येते त्याच्या आठवणीसाठी आहे. दुसरे ज्याने ती कधी पाहिलीही नाही त्याच्यासाठी आहे. हैदराबादेत किंवा बडोद्यात वाढलेली गोव्याकडची नात दुसऱ्यावरून तवसळी करू शकेल. पहिल्यावरून ती एकदा प्रयत्न करील, फसेल, आणि ‘आजीचे पदार्थ आपल्याला जमत नाहीत’ असे म्हणून वही कायमची मिटून ठेवील. घराघरांतले अनेक पदार्थ नाहीसे होतात ते याच रीतीने. त्यांची आवड सरलेली नसते. त्यांची खूण सांगणारे माणूस सरलेले असते.

निर्णय

आता निर्णय कसा करावा? माप, क्रम आणि खूण ही तिन्ही अंगे पुरी असतील, घर अनुकूल असेल आणि अपायाची शंका नसेल, तर पाककृती अवश्य करावी. एखादे अंग उणे असेल, पण ते भरून काढणारे जाणते माणूस घरात किंवा शेजारी असेल, तर त्यांना विचारून करावी. दोन-तीन अंगे उणी आणि विचारण्यास कोणी नाही, अशी स्थिती असेल, तर साहित्य स्वस्त असल्यास अर्ध्या मापाने प्रयोग करावा, महाग असल्यास मोह आवरावा. अपायाच्या कसोटीत नापास झालेली पाककृती मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

पहिला प्रयोग पाहुण्यांवर करू नये. अर्धे माप घेऊन घरच्यांसाठी करावा. पहिल्या वेळी लिहिल्याप्रमाणेच करावे, सुधारणा दुसऱ्या वेळी. नाहीतर चूक पाककृतीची की आपल्या सुधारणेची, हे कळणार नाही. आणि पदार्थ झाल्यावर त्याच पानाच्या समासात दोन ओळी लिहाव्यात : काय कमी पडले, काय अधिक झाले, किती वेळ लागला. अशा समासातील टिपांनी भरलेली वही कोणत्याही सुंदर छापील पुस्तकाहून मोलाची समजावी.

विद्यार्थी मित्रहो, लिहिलेले सर्वच खरे मानणे आणि लिहिलेले सर्वच खोटे मानणे, ही दोन्ही आळशाची लक्षणे आहेत. वाचावे, कसोटीस लावावे, जे उतरेल ते स्वीकारावे आणि जे अपुरे असेल ते पुरे करून पुढच्याच्या हाती द्यावे, हा विद्येचा मार्ग आहे. तो ग्रंथालयातून जातो तसाच स्वयंपाकघरातूनही जातो.

स्वाध्याय

१. घरातील तीन वाट्यांत किती मिलिलिटर पाणी मावते ते मोजून नोंदवा. त्यांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या वाटीचे गुणोत्तर काढा.

२. पुढील जिन्नसांचे ‘मागाहून सुधारता येणारे’ व ‘न येणारे’ असे दोन गट करा आणि कारणे द्या : आमटीतील मीठ, केकमधील सोडा, करंजीच्या पिठातील मोहन, सारातील कोकम, लाडवाच्या पाकातील साखर.

३. कोणतीही एक छापील पाककृती घेऊन वरील पाच कसोट्यांवर तिची परीक्षा करा. ती करावी, विचारून करावी की सोडावी, हे ठरवा.

४. आपल्या आजी-आजोबांपैकी किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांपैकी एकांना त्यांचा आवडता पदार्थ करताना पाहा. त्यांचे हात काय करतात आणि ते कशाची वाट पाहत थांबतात, हे टिपून घ्या. थांबण्याचे कारण विचारा; तीच खूण होय. मग ती पाककृती अशी लिहा की, ज्याने तो पदार्थ कधी चाखलाही नाही, त्याला ती वाचून करता यावी.